काम कोणी केलं?

एजंटबाईंनी पाठवलेल्या यादीतलं सातवं कलम असं होतं: घरात मुलं राहतात हे दिसायला हरकत नाही, पण जाणवू नये.

गुरो ती यादी फ्रीजच्या दारावर लावायला गेली आणि मग तिच्या लक्षात आलं, की फ्रीजच्या दारावर काहीही लावायचं नाही, हे चौथं कलम आहे. तिने यादी परत टेबलावर ठेवली. एकूण अठ्ठावीस कलमं. दात घासायचे ब्रश नजरेआड. शॅम्पूच्या बाटल्या नजरेआड. माणसांचे फोटो नजरेआड, कारण घर बघायला येणाऱ्याला भिंतीवर स्वतःचं कुटुंब दिसलं पाहिजे, दुसऱ्याचं नव्हे. खेळणी एका टोपलीत मावतील एवढीच, आणि टोपली शक्यतो वेताची.

"वेताची कशाला?" तिच्या नवऱ्याने, विदारने विचारलं. तो जिन्यावर उभा राहून माळ्यावरची खोकी एकेक करून खाली देत होता.

"प्लास्टिकच्या टोपलीवाली मुलं आरडाओरडा करतात. वेताच्या टोपलीवाली शांत बसून चित्रं काढतात."

"मग आपली कुठल्या टोपलीतली?"

उत्तर द्यायची गरज पडली नाही. वरच्या मजल्यावर काहीतरी गडगडत गेलं आणि पाठोपाठ तिरिलचा आवाज आला, "काही फुटलं नाही! फक्त ब्रागे पडला!"

एप्रिलमधला शेवटचा शनिवार होता. सोमवारी सकाळी फोटो काढणारा येणार होता आणि त्याच्या पुढच्या रविवारी लोक घर बघायला येणार होते. मॉस गावात टेकडीच्या उतारावरची घरं फार दिवस रिकामी राहत नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फेरीबोट दिसते म्हटलं, की निम्मं घर तिथेच विकलं जातं.

गुरोचे बाबा जाऊन साडेतीन महिने झाले होते. गुरोला हे घर विकायचं होतं. हे ती स्वतःशी सुद्धा हळू आवाजात म्हणायची. विदारच्या आईवडिलांच्या शेतावर, वर तोतेनला, दुसरं लहान घर रिकामं होतं. विदारला तिथल्याच शाळेत नोकरी मिळाली होती. मुलांना मांजर कबूल केलं होतं. बाबांनाही हे सगळं माहीत होतं. दिवाळखोर राजासारखं ब्लँकेट पांघरून खुर्चीत बसलेले असताना ते डिसेंबरात म्हणाले होते, "माझ्यामागे या भिंती पुसत बसू नका." दुःख होतं ते होतंच. पण त्याच्या शेजारी सकाळी सकाळी एक आनंदही येऊन बसायला लागला होता, आणि त्या पाहुण्याला घरात घेताना तिला जरा चोरट्यासारखं व्हायचं.

तिरिल सात वर्षांची होती आणि नुकतीच नीट लिहायला शिकली होती, म्हणून खोक्यांवर नावं घालायचं काम तिच्याकडे होतं. दुपारपर्यंत तिने तीन प्रकार पाडले होते: 'महत्त्वाचं', 'कमी महत्त्वाचं' आणि 'बाबांचं'.

"माझ्यासाठी वेगळा प्रकार?" विदार म्हणाला.

"तुझं महत्त्वाचं आहे का ते मला माहीत नाही ना," तिरिल समजुतीने म्हणाली.

अकराच्या सुमाराला ओद्नीआत्या मागच्या दाराने आली. एका हातात वॉफलचं पीठ भरलेली बादली, दुसऱ्या हातात वॉफलचं यंत्र. बाबांची, म्हणजे माग्नेची, ही मोठी बहीण ऐंशीला टेकली होती, पण दुग्नाद म्हटल्यावर घरी थांबणं तिला जमत नसे. दुग्नादचे नियम सगळ्यांनाच पाठ असतात. मिळून काम करायचं, मोबदला मागायचा नाही, मनापासून कुरकुर करायची, आणि यजमानाने पोटभर खायला घालायचं. या घराला खायला घालण्याची हमी नाही असं आत्याचं पूर्वीपासूनचं मत असल्यामुळे ती स्वतःचंच पीठ घेऊन येई.

"गुरो," ती बादली खाली ठेवत म्हणाली, "तुझा मुलगा लायलॅकला पाणी घालतोय."

"बरं झालं की."

"स्वतःचं."

ब्रागे पँट सावरत आत आला. चार वर्षांच्या माणसाला शोभेल इतक्या गंभीरपणे त्याने खुलासा केला, "बाथरूम हॉटेल झालंय. आई म्हणाली, सोमवारपर्यंत तिथे कुणी काही करायचं नाही."

"मी असं नव्हते म्हणाले. मी म्हणाले, घाण करायची नाही."

"तेच की," ब्रागे म्हणाला.

आत्याने त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. "या घरात तुझं ऐकणारा एक तरी आहे."

गुरोचा भाऊ आयविन आला तो कंपनीची व्हॅन घेऊन. व्हॅनच्या दोन्ही बाजूंना त्याचं नाव आणि खाली 'परवानाधारक प्लंबर' अशी अक्षरं होती. गुरोपेक्षा तो सहा वर्षांनी मोठा. लग्न एकदा करून झालेलं, बोलणं कमी, ओठाखाली तंबाखूची पुडी कायम. त्याने आल्या आल्या बाबांच्या कामाचं जड टेबल एकट्याने उचलून व्हॅनमध्ये चढवलं आणि मग "कुणीतरी दुसरं टोक धरायला हवं होतं," म्हणून विदारवर डाफरला.

"तू हाक मारायला हवी होतीस."

"मारायची कशाला? दिसत नाही का?"

"अगदी माग्ने," आत्या गुरोच्या कानाशी म्हणाली. "थोरला गेला आणि धाकटा सुरू झाला."

दोन वाजेपर्यंत घर ओळखू येईनासं झालं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर फक्त एक पांढरा वाडगा आणि त्यात सहा हिरवी सफरचंदं, खायची नाहीत अशी ताकीद दिलेली. मुलांच्या खोलीत वेताची टोपली. गुरोला ते सगळं आवडलं आणि आवडलं म्हणून वाईटही वाटलं नाही. दुसऱ्याच्या घरात पाहुणी म्हणून आल्यासारखं वाटत होतं, आणि पाहुण्याला निघताना जड जात नाही.

मग त्यांनी वॉफल खाल्ले, जॅम आणि तपकिरी चीज लावून. आत्या यंत्रापाशी उभी राहून एकेक काढत होती, आणि गुरोने कॉम्प्युटर उघडून फॉर्म समोर घेतला. विक्रेत्याचं निवेदन. घरात काय बिघडलंय, काय दुरुस्त केलंय, कोणी केलंय, हे सगळं विकणाऱ्याने प्रामाणिकपणे लिहून द्यायचं. खाली दोघा वारसांच्या सह्या. आज सहाच्या आत पाठवला नाही, तर घर जाहिरातीत लागणार नाही, असं एजंटबाईंनी दोनदा कळवलं होतं.

"यात वेळ घालवायचं कारण नाही," आयविन म्हणाला. "सगळीकडे 'माहीत नाही' कर. घर बाबांचं होतं. वारसांना माहीत नसतं. सगळे तसंच करतात."

"तुला नसेल माहीत. मी सहा वर्षं इथे राहतेय."

"तू काय भिंतींच्या आत राहत होतीस?"

"बाबा राहत होते जवळजवळ," विदार म्हणाला, आणि सगळे थोडं हसले.

गुरोने वाचायला सुरुवात केली. "माळ्याचं रूपांतर खोलीत केलं आहे का? हो. काम कोणी केलं?" पुढे तीन चौकोन होते. कुशल. अकुशल. माहीत नाही.

तिचं बोट तिथेच थांबलं.

बाबा अडतीस वर्षं कागदाच्या गिरणीत यंत्रावर होते. सुट्टीच्या दिवशी ते घर बांधायचे. घर आधीच बांधलेलं होतं, तरी ते बांधायचे. माळा, जिना, मागची लाकडी गच्ची, स्वयंपाकघराची कपाटं. कारागीर बोलावणं म्हणजे आपलं जेवण जेवायला भाड्याने माणूस आणण्यासारखं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्याकडे कुठल्याही कामाचा एकही कागद नव्हता.

तिने 'अकुशल'वर टिचकी मारली. मग जिना. अकुशल. गच्ची. अकुशल. कबरीवरच्या दगडावर आपण आपल्या हाताने एकच शब्द पुन्हा पुन्हा कोरतोय, असं तिला वाटलं.

"हे काय चाललंय?" आत्याने खांद्यावरून डोकावून पाहिलं. "माग्ने अकुशल? हा जिना हललाय कधी? वीस वर्षांत कुणी घसरलंय यावरून?"

"ब्रागे रोज घसरतो," तिरिल म्हणाली.

"तो मुद्दाम घसरतो. गुरो, खोड ते."

"आत्या, खरं ते लिहायचं असतं. त्यांच्याकडे परवाना नव्हता, एवढाच अर्थ आहे त्याचा."

"अर्थ मला कळतो. शब्द वाईट आहे. आयविन म्हणतो ते बरोबर. 'माहीत नाही' लिही. मेलेल्या माणसाला परीक्षेला बसवू नये."

दोन विरुद्ध एक झालं होतं. गुरोने विदारकडे पाहिलं. विदार या घरात सहा वर्षं जावई म्हणून टिकला होता तो अशा वेळी वॉफलला चीज लावण्यात गुंतून. आताही तो गुंतला.

"आम्हाला माहीत नाही असं मी लिहिणार नाही," गुरो म्हणाली. "हे सगळं त्यांनी केलं हे आपल्या तिघांना माहीत आहे. 'माहीत नाही' म्हटलं तर कोणीच केलं नाही असं होतं. त्यापेक्षा अकुशल बरं."

पुढचा प्रश्न बाथरूमचा होता, आणि तो येणार हे आयविनला ठाऊक असावं, कारण त्याने खुर्ची मागे सरकवली.

बाथरूमची गोष्ट घरात कुणी काढत नसे. आयविनला परवाना मिळाला, त्याच वर्षी बाबांनी खालचं बाथरूम स्वतः नवं केलं होतं. पोटचा मुलगा प्लंबर, आणि त्याला विचारलंही नाही. आयविन आला तेव्हा टाइल्स लावून झाल्या होत्या. त्यानंतर दोन महिने बापलेक फक्त हवामानाबद्दल बोलले, आणि त्या वर्षी हवामान वाईट होतं.

"बाथरूम," गुरो म्हणाली. "मी..."

"लिही. काय लिहायचं ते लिही. सगळ्या मॉसला माहीतच आहे."

तिने अकुशल केलं आणि घाईने पुढे गेली. पुढचा प्रश्न सोपा होता म्हणून तिला हायसं वाटलं. "पाया खचल्याची किंवा घर बसल्याची काही माहिती आहे का? हे आहे." तिने 'होय' केलं. "तपशील. चौदा वर्षांपूर्वी, हिवाळ्यात, घर बाथरूमच्या बाजूला..."

"थांब," आयविन म्हणाला. "काय लिहितेस?"

"घर बसलं ते."

"काय बसलं?"

"अरे, घर बसलं. आई वॉशिंग मशीनच्या कोपऱ्यातलं पाणी रोज रबराच्या दांडीने जाळीकडे ढकलायची ना? मग ते दोघं कनारी बेटांवर गेले, परत आले, आणि पाणी आपसूक वाहायला लागलं. घर बसलं, आणि बसताना बरोबर ढाळ आला. बाबा शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे."

ही गोष्ट तिरिललाही पाठ होती. "जुनी घरं बसतात," ती आजोबांच्या आवाजात म्हणाली, "शहाणी असली तर नीट बसतात."

"गुरो, ते लिहू नकोस," आयविन म्हणाला. "पाया खचलाय असं लिहिलंस तर एक माणूस फिरकणार नाही. त्यांना वाटेल, घर फेरीबोटीकडे निघालंय."

"पण खरं आहे ते."

"नाही आहे."

"तू वारस आहेस. तुला माहीत नसतं."

"घर बसलेलं नाही, गुरो!"

"बाबा म्हणायचे."

"बाबा काहीही म्हणायचे!"

"म्हणजे आता अकुशलही लिहायचं आणि वर खोटं बोलायचे असंही म्हणायचं?" तिचा आवाज चढला, तेव्हा तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. अंत्यविधीलाही तो चढला नव्हता. ब्रागेने वॉफल खाली ठेवला. "तुला सही करायची नसेल तर नको करूस. मग सोमवारही नको आणि काहीच नको. आम्ही इथेच राहू."

हे शेवटचं तिला म्हणायचं नव्हतं. ते तिच्या तोंडून निघालं आणि तिला तोतेनचं ते लहान घर डोळ्यांसमोर विझताना दिसलं.

खोलीत वॉफलच्या यंत्राची चरचर तेवढी चालू होती. आत्याचा डाव तळाशी उरलेल्या पिठात उभा राहिला होता. ती भावंडांकडे नाही, भिंतीकडे बघत होती, आणि यंत्रातून धूर येत होता तो तिला दिसत नव्हता. ओद्नीआत्याचा वॉफल जळताना गुरोने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

आयविन उठला. बाहेर व्हॅनकडे जाईल असं वाटलं, पण तो बाथरूममध्ये गेला. थोड्या वेळाने गुरो त्याच्या मागे गेली. तो हॉटेलसारख्या स्वच्छ केलेल्या जमिनीवर, कामाच्या पँटनिशी, जाळीपाशी गुडघे टेकून बसला होता.

"इथपासून," त्याने बोटाने एक रेघ दाखवली, "इथपर्यंत. मी उखडलं होतं."

"कधी?"

"ते कनारीला गेले तेव्हा. माझ्याकडे किल्ली होती. पाइप गोठू नयेत म्हणून बघायला यायचो. आईला ती दांडी घेऊन ओणवं होताना पाहून मला..." त्याने पुडी ओठाखालून काढून रुमालात गुंडाळली. "जाळी काढून पाहिली. खालचं वॉटरप्रूफिंग जाळीला नुसतं चिकटवलेलं होतं, आवळलेलं नव्हतं. आणखी दोन वर्षांत तळघरात पाणी आलं असतं. अकरा संध्याकाळी लागल्या मला. फरशी फोडली, ढाळ दिला, वॉटरप्रूफिंग नवं केलं, आणि तळघरात त्याच टाइल्स उरल्या होत्या त्या बसवल्या. धूळ तर अशी पुसली, की आईनेही एवढं घर कधी पुसलं नसेल."

"आणि सांगितलं नाहीस."

"काय सांगू? की म्हाताऱ्या, तुझं काम फोडलं मी? त्याने मला बोलावलंसुद्धा नव्हतं." त्याने जाळीवर हात ठेवला. "आणि मग तो सांगायला लागला, घर बसलं. मी समोर बसून ऐकायचो. दर नाताळला. मान हलवायचो."

गुरो टबाच्या कडेवर बसली. तिला हसू आलं, आणि ते कुठे संपेल याची खात्री नसल्यामुळे तिने ते तोंडावर हात धरून थांबवलं.

दारात तिरिल उभी होती. तिच्या मागे ब्रागे, आणि ब्रागेच्या हातात पिठाची रिकामी बादली.

"दाखव ना मामा," तिरिल म्हणाली.

"काय दाखवू?"

"तू केलंस ते. पाणी जातं का ते."

आयविनने गुरोकडे पाहिलं. गुरोने सकाळी दोन तास घालवून पुसलेल्या फरशीकडे पाहिलं. मग तिने बादली घेतली, भरली आणि वॉशिंग मशीनच्या कोपऱ्यात ओतली. पाण्यात वॉफलचं थोडं पीठ होतं, त्यामुळे त्याची वाट स्पष्ट दिसत होती. ते कोपऱ्यात क्षणभर थबकलं, पसरलं, सगळ्यांच्या पायांमधून गेलं आणि जाळीत उतरलं.

"जातं!" ब्रागे ओरडला. "परत!"

"छान आहे काम," विदार दारातून म्हणाला. त्याचेही मोजे भिजले होते.

"म्हाताऱ्याला कधी कळलंच नाही," आयविन जाळीकडे बघत म्हणाला. "तेच बरं झालं, म्हणा."

"त्याला कळलं होतं," ओद्नीआत्या म्हणाली.

ती सगळ्यांच्या मागे, हातात डाव तसाच धरून उभी होती.

"परत आले त्याच दिवशी फोन आला मला. बॅगासुद्धा उघडल्या नव्हत्या त्यांनी. म्हणाला, 'ओद्नी, पोरगं येऊन गेलंय.' म्हटलं, कशावरून? तर म्हणे, टाइलच्या दरजा. माग्नेने दरजा भरायच्या पांढऱ्या सिमेंटात थोडा राखाडी रंग मिसळला होता, ते तुला कुठून माहीत असणार? तुझ्या दरजा एक छटा पांढऱ्या आहेत. अजून आहेत. बघ."

सगळ्यांनी खाली पाहिलं. ओल्या फरशीवर तो फरक दिसत नव्हता, आणि मग एकदा दिसल्यावर तोच दिसत राहिला.

"मी म्हटलं त्याला, अरे, मग सांग ना पोराला. आभार मान. तर म्हणतो कसा, 'एवढं गुपचूप केलंय त्याने. आता मला कळलं म्हणून सांगितलं, तर त्याच्या मेहनतीवर पाणी नाही का फिरणार?'"

ब्रागे बादली घेऊन नळाकडे निघाला होता, त्याला विदारने अलगद धरलं.

गुरो आठवून पाहत होती. घर बसल्याची गोष्ट बाबांनी शेजाऱ्यांना सांगितली होती, पाहुण्यांना सांगितली होती, विदारला लग्नाच्या दिवशी सांगितली होती. प्रत्येक वेळी आयविन तिथे होता. आयविन नसताना त्यांनी ती सांगितल्याचं तिला एकदाही आठवेना.

"चौदा वर्षं," आयविन शेवटी म्हणाला. "आणि तुला माहीत होतं, आत्या."

"मला कुणी विचारलं नाही."

"आम्ही आत्ता तिथे भांडत होतो, गुरो घर विकायचं रद्द करत होती, तेव्हाही कुणी विचारायला हवं होतं?"

"तेव्हा मी बोलणारच होते," आत्या म्हणाली. "वॉफल काढून."

आयविनने हाताच्या पंजाने चेहरा पुसला, खालून वर, काम संपल्यावर पुसतात तसा. मग तो उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन कॉम्प्युटरसमोर बसला.

पाच वाजायला आले होते. पाया खचल्याच्या प्रश्नावरचं 'होय' गुरोने काढलं आणि 'नाही' केलं. एका टिचकीत घर पुन्हा सरळ उभं राहिलं. तिला त्या गोष्टीचं थोडं वाईट वाटलं. आता ती कुणालाच सांगता येणार नव्हती.

बाथरूमच्या प्रश्नाचा चौकोन मात्र हट्टी निघाला. कुशल केलं की अकुशल निघून जाई, अकुशल केलं की कुशल.

"दोन्ही घेत नाही," ती म्हणाली. "एकच कोणीतरी हवा."

"असल्या फॉर्मला बापलेक माहीत नसतात," आत्या म्हणाली. तिने आता खुर्ची ओढून गुरोच्या बाजूला घेतली होती. "खाली लिहायला जागा आहे ना? तिथे लिही सगळं."

"पाचशे अक्षरं आहेत फक्त."

"मग माग्नेच्या स्वभावाबद्दल थोडक्यात लिही."

"आत्या, स्वभावाचा कॉलम नाही."

"नसायला काय झालं? घर घेणाऱ्याला कळायला नको?"

आयविनने फोनमधून जुने फोटो शोधून काढले होते. परवानाधारक माणसाच्या सवयीने त्याने त्या अकरा संध्याकाळीही प्रत्येक थराचा फोटो काढून ठेवला होता, तारखेसकट, कुणालाही न दाखवण्यासाठी. एजंटबाईंना हवे तसेच कागद होते ते. त्याने ते जोडले आणि मग सांगू लागला. गुरो लिहू लागली. जमीन, जाळी आणि वॉटरप्रूफिंग, आयविनने पुन्हा केलं, कुशल. फोटो सोबत.

"आणि भिंती?" तिने विचारलं. "भिंतींना तू हात लावलास?"

"नाही."

"म्हणजे त्या..." तिला तो शब्द पुन्हा उच्चारायचा नव्हता. लिहायचा होता, आणि आता लिहिता आलाही असता, पण उच्चारायचा नव्हता.

"अकुशल," आयविन म्हणाला. तो उठून परत बाथरूममध्ये गेला. दिवा लावल्याचा आवाज आला. तिथे तो काय करतोय ते गुरोला इथून दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. बोटाच्या पेराने टाइलवर ठकठक, एक टाइल, मग पुढची, मग पुढची, खालच्या रांगेपासून छतापर्यंत. एकही पोकळ वाजत नव्हती.

तो परत आला तेव्हा हात पुसत होता.

"लिही," तो म्हणाला. "भिंती माग्नेने केल्या. अकुशल. आज सगळ्या तपासल्या, एकही सुटलेली नाही. माझ्या टाइल्सपेक्षा सरळ आहेत. खाली माझं नाव घाल. परवान्याचा नंबर पण."

"अक्षरं संपत आली," गुरो म्हणाली.

"मग माझ्या जमिनीबद्दलचं कमी कर."